अकरा मॉनिटरांचं तांबं

"फुकट दिलेत तरी नको," असं भंगारवाला म्हणाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

नुसतं "नको" म्हणाला असता तर मास्तरांनी मनावर घेतलं नसतं. नको तर नको. पण "फुकट दिलेत तरी" हे जे शब्द त्याने पुढे जोडले, ते त्यांच्या जिव्हारी लागले. मास्तर म्हणजे टायपिंगचे मास्तर. आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर त्यांनी अर्ध्या शहराची बोटं वळवली होती. पुढे क्लास बंद झाला, कीबोर्ड गेले, खुर्च्या गेल्या, पण पाठीला भलंमोठं पोक असलेले ते जुने अकरा मॉनिटर घराच्या मागच्या खोलीत तसेच राहिले. त्यांच्यासमोर बसून शिकलेली माणसं आज मोठमोठ्या कचेऱ्यांत बसून दुसऱ्यांवर खेकसतात. आणि ते पडदे फुकटसुद्धा नकोत?

"का नको?" मास्तरांनी विचारलं.

"त्यात काही नसतं हो. नुसती काच."

"काही नसतं? मग एवढं जड कशाने झालंय?"

"ते मला काय ठाऊक? मी कुठे उघडून बघितलंय?"

न उघडता मत देणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांचं कुठे काही अडतही नाही. पण मास्तरांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं की मॉनिटर आपणही कधी उघडलेला नाही. इतकी वर्षं त्यांनी पडद्याच्या पुढची बाजू शिकवली. मागे काय आहे हे एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर मास्तरांनी "आधी स्पीड वाढव" असं सांगून त्याला खाली बसवलं असतं.

भंगारवाला गाडी ढकलत निघून गेला. मास्तर दारातच उभे.

"गेला का तो?" बाईंनी आतून विचारलं. बाई म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांना अख्खी आळी मास्तर म्हणायची, त्या ओघात त्या बाई झाल्या होत्या.

"गेला. पण आत काहीतरी आहे."

"कुणाच्या आत?"

मास्तर स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.

खोली रिकामी व्हायला हवी होती ती लेकीसाठी. लेक फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या आखडलेल्या माना आणि धरलेल्या कंबरा सोडवणं हे तिचं काम. दुसऱ्याच्या दवाखान्यात किती दिवस राबायचं, म्हणून तिने नोकरी सोडली होती आणि या मागच्या खोलीत स्वतःचा दवाखाना थाटायचं ठरवलं होतं. खोलीला रस्त्याकडून वेगळं दार होतं, उजेड चांगला होता, भिंतींना रंग देऊन झाला होता. येत्या शनिवारी पेशंटला झोपवायचं टेबल येणार होतं. अडचण एवढीच की खोलीत आधीच अकरा पेशंट ठाण मांडून बसले होते.

यानंतर मास्तरांनी मेहुण्याला फोन केला, ही त्यांची चूक. बाईंचा हा धाकटा भाऊ जगातली यच्चयावत विद्या मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता. विहीर कशी खोदावी, विमान कसं उतरवावं, मधमाशी कशी पकडावी, सगळं त्याला येत होतं. फक्त आजवर तशी वेळ आली नव्हती.

"भावोजी, हातही लावू नका! मी येतो. आत तांबं असतं. चिक्कार!"

तांबं! मास्तरांनी फोन ठेवला आणि तो शब्द दोनदा स्वतःशीच उच्चारून बघितला. पैशाचं त्यांना काही नव्हतं. पण "नुसती काच" आणि "चिक्कार तांबं" यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो फरक त्यांना त्या भंगारवाल्याच्या नाकासमोर धरायचा होता.

मेहुणा आला तो पक्कड, हातोडी आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन. त्याच्या पाठोपाठ, कुणीही न बोलावता, वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जिना उतरून आले. त्यांना आळीत धोकाकाका म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं.

"धोका आहे हं, मास्तर. बंद असला म्हणून काय झालं? वीज आत दबा धरून बसलेली असते. वर्षानुवर्षं."

"कुणाला लागल्याचं ऐकलंय?"

"ज्याला लागली तो सांगायला येत नाही."

मग तयारी सुरू झाली. मास्तरांनी पायात रबरी चपला घातल्या. हातात बाईंचे भांडी घासायचे पिवळे हातमोजे चढवले. लाकडी स्टुलावर चढून उभं राहिलं म्हणजे वीज जमिनीत उतरत नाही, असं धोकाकाकांनी सांगितलं, म्हणून ते स्टुलावर चढले. पण मॉनिटर जमिनीवर होता, तेव्हा दुसऱ्या स्टुलावर तो चढवण्यात आला. मास्तरांना झटका बसला तर लांबूनच ढकलून सोडवता यावं म्हणून मेहुणा झाडूचा दांडा रोखून मागे उभा राहिला. धोकाकाका दारात, म्हणजे पळायला सोयीच्या जागी. बाई चहाचा कप घेऊन आल्या, हे दृश्य बघितलं आणि कप घेऊन परत गेल्या.

मागचे स्क्रू इतक्या खोल भोकांत होते की घरातला स्क्रू ड्रायव्हर तिथवर पोचेना. फ्रिजवाल्या मेकॅनिककडून लांब स्क्रू ड्रायव्हर उसना आणावा लागला. तो देताना मेकॅनिकने मास्तरांकडे, मास्तरांच्या पिवळ्या हातमोज्यांकडे आणि पुन्हा मास्तरांकडे बघितलं. "लगेच परत आणा," एवढंच म्हणाला.

तीन स्क्रू निघाले. चौथा फिरवला आणि "चट्ट!" असा आवाज झाला.

धोकाकाका सगळ्यात आधी जिन्यावर होते. मेहुण्याने डोळे मिटून दांडा पुढे खुपसला, तो मास्तरांच्या बरगडीत बसला, आणि मास्तर स्टुलावरून खाली आले. वीज नव्हतीच. झाकणाची प्लास्टिकची खिटी तुटली होती. मास्तर बरगडी धरून उठले, बघतात तो झाकण सुटलेलं.

बाकीचं मग ते विसरले.

आत काळ्या मखमलीसारखी धूळ होती, बोटभर जाडीची. धुळीत टॉफीचे कागद होते, ढीगभर. क्लासमध्ये खाण्याला सक्त मनाई होती, आणि मनाई पाळली जाते असा मास्तरांचा समज होता. पोरांनी कागद वरच्या जाळीतून आत सरकवले होते. शिवाय दोन हेअरपिना, एक फुटका कंगवा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती काचेची पिक्चर ट्यूब. पुढे रुंद, मागे निमुळती होत होत बारीक मानेसारखी झालेली. त्या मानेभोवती गच्च बसवलेली तारांची एक कॉलर. मास्तरांनी हातमोजा काढला, नखाने एक तार खरवडली. वरचा थर गेला आणि खालून लालसर, उबदार, नव्या कोऱ्या रंगाचं तांबं चमकलं.

"बाई!" मास्तर ओरडले. "इकडे या! बघा!"

बाई आल्या. त्यांनी कॉलरीकडे बघितलं, धुळीकडे बघितलं, आणि मग बराच वेळ त्या काचेच्या मानेकडेच बघत राहिल्या.

"ती कॉलर कशी सरकवून काढायची? आडवा स्क्रू आहे का तिला?"

"हो."

"हं," बाई म्हणाल्या. "ते टॉफीचे कागद उचला."

दुसरा मॉनिटर उघडताना मेहुण्याने एका व्हिडिओत बघितल्याप्रमाणे कॉलर हातोडीने सैल करायला घेतली, आणि ट्यूबची मान टोकाशी मोडली. बारीकशा भोकातून "स्सऽऽऽ" असा आवाज सुरू झाला. "गॅस!" म्हणत मेहुणा जमिनीवर पालथा पडला. मास्तरही दोन पावलं मागे सरले. मग थांबले. आवाज थांबेना. त्यांनी टॉफीचा एक कागद उचलला आणि लांबून, हात ताणून, त्या भोकापाशी धरला. कागद बाहेर उडाला नाही. तो भोकाला जाऊन चिकटला.

"काही बाहेर येत नाहीये," मास्तर हळूच म्हणाले. "हवा आत चाललीय."

"का पण?" मेहुण्याने जमिनीवरूनच विचारलं.

"कारण आत काही नव्हतं. हवासुद्धा नव्हती. इतकी वर्षं!"

आवाज बारीक होत होत थांबला. खोलीतली हवा ट्यूबमध्ये शिरून स्थिरस्थावर झाली. आत काही नसतं असं म्हणणारा भंगारवाला एका अर्थी अगदी बरोबर होता, हे मास्तरांच्या लक्षात आलं. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर मास्तरांना कुणी थांबवू शकलं नसतं, आणि खरं सांगायचं तर कुणी फारसा प्रयत्नही केला नाही. सकाळी उठावं, हातमोजे चढवावेत आणि उघडत सुटावं. प्रत्येक मॉनिटर आतून थोडा वेगळा निघायचा. एकात कॉलर डिंकाने चिकटवलेली, एकात पडद्याच्या कडेने काळ्या पट्टीत गुंडाळलेला तारेचा भलामोठा वेढा, एकात असा एक स्क्रू की जो काढला तरी काहीच सुटायचं नाही. तो तिथे का लावला असेल यावर मास्तरांनी अर्धा दिवस विचार केला.

एक गोष्ट मात्र त्यांना कुठल्याच व्हिडिओने सांगितली नव्हती. बंद मॉनिटर जेवढी जागा खातो, त्याच्या चौपट जागा उघडलेला मॉनिटर खातो. तांबं बाईंच्या परातीत, ॲल्युमिनियम बादलीत, लोखंडी पत्रे खिडकीत, झाकणं भिंतीशी रचलेली, वायरी कपडे वाळत घालायच्या दोरीवर. कणीक भिजवायला परात मागितली तर मास्तर म्हणाले, "हळू, त्यात माल आहे." बाईंनी त्या दिवशी पातेल्यात कणीक भिजवली आणि पातेलं दाणकन आपटलं.

शेवटी भंगारवाल्याला निरोप गेला. तो आला, परातीपाशी उकिडवा बसला, कॉलरी उलटसुलट केल्या.

"माल चांगला आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालात? मला जरा कमी ऐकू येतं."

मास्तरांना उत्तम ऐकू येतं.

"माल चांगला आहे म्हटलं! शुक्रवारी गाडी घेऊन येतो, सगळा धातू उचलतो. प्लास्टिकही नेतो."

"आणि काच?"

"काच तुमची तुम्हाला."

मास्तरांनी मागे वळून बघितलं. तांब्याच्या नादात त्यांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. खोलीभर अकरा नागड्या पिक्चर ट्यूबा पडल्या होत्या. धड उभ्या राहत नव्हत्या, धड आडव्या. एकीला हात लावला की ती डोलायची आणि शेजारणीला ढुशी द्यायची.

"आधी निदान एकावर एक बसत तरी होते," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मास्तरांच्या मागे काचेची साडेसाती लागली. धोकाकाकांनी जिन्यातून जाहीर केलं की धोका आहे, त्या काचेत शिसं असतं. हे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं. ते दारात आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मास्तर, शिसं वासावरून कळतं का हो?" मास्तरांनी एक ट्यूब गोणपाटात गुंडाळून सकाळी कचऱ्याच्या गाडीत ठेवली आणि अंग चोरून घरी आले. मागोमाग गाडीवाला ती कडेवर घेऊन दारात हजर. "काका, तुमचं हे राहिलं." अख्खी आळी दात घासत बघत होती. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा पेन्सिलचा तुकडा लंपास केला नाही, तो असा मुद्देमालासकट पकडला गेला.

मग कुणीतरी सांगितलं की जुन्या यंत्रांचा कचरा घेणारं सरकारी केंद्र आहे. मास्तर रिक्षात मांडीवर ट्यूब घेऊन तिथे गेले. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"हे काय आहे?"

"मॉनिटर."

"हा मॉनिटर नाही. ही काच आहे. काचेची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीतल्या मॅडमनी ट्यूब एकदाच बघितली. "ही काच नाही. काच म्हणजे बाटली, बरणी, तावदान. हा मॉनिटर आहे. पलीकडच्या खिडकीत जा."

मास्तर पुन्हा पहिल्या खिडकीपाशी आले. "त्या म्हणतात हा मॉनिटर आहे."

"त्यांना काय कळतंय मॉनिटरमधलं?" कारकून दुखावला. "अहो, मॉनिटर म्हणजे पुढे चौकट, मागे झाकण, खाली वायर. संपूर्ण. असा आणलात तर आत्ता घेतो. आणि वजन करून घेतो, आधीच सांगतो. आतला माल काढून रिकामी खोकी आणून टाकतात लोक! त्या धातूवर तर ठेकेदाराचं पोट चालतं. नुसती काच कोण घेईल?"

"असतात काही लोक," मास्तर छताकडे बघत म्हणाले.

ट्यूब पुन्हा मांडीवर घेऊन ते घरी आले तेव्हा लेक मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "मी लोकांना सोमवारच्या वेळा दिल्या आहेत. नोकरीवर आता परत घेणार नाहीत मला. तुम्हाला ही खोली हवी असेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे जागा बघते. पण सांगा."

मास्तरांनी ट्यूब भिंतीशी टेकवली. पण तिची सवय झालेले हात उगीच पुढेच धरलेले राहिले. क्लास बंद झाला त्या दिवशीही त्यांना असंच झालं होतं.

"खोली तुझीच आहे गं," ते एवढंच म्हणाले.

मेहुण्याने रात्रीच्या जेवणात तोडगा काढला. "भावोजी, सोप्पं आहे. झाकणं लावायची, आत विटा भरायच्या. वजन चोख!"

"विटा?" मास्तरांचा घास हातातच राहिला. "शेजाऱ्याच्या कागदाकडे नुसती नजर गेली म्हणून मी पोरांना परीक्षेतून उठवलंय. मी आता विटा भरू?"

"मग काय भरणार?"

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या परातीकडे बघितलं. मास्तरही बघत होते. दिव्याखाली तांबं असं काही चमकत होतं की बस्स.

"जे काढलंय तेच," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी घराला कारखान्याचं रूप आलं. उघडताना मास्तरांना वाटलं होतं की आपल्याला आता सगळं कळलंय. बंद करताना कळलं की आपल्याला फक्त उघडणं कळलंय. कुठली कॉलर कुठल्या मानेची, कुठला पत्रा कुठल्या पोटातला, काही म्हणता काही आठवेना. मेहुणा व्हिडिओ शोधू लागला, पण उघडलेलं परत लावायचा व्हिडिओ आजवर कुणी काढलेला नव्हता.

"तो पत्रा तिथला नाही," दारातून आवाज आला. बाई हात पुसत उभ्या होत्या. "तो त्या पिवळट झाकणाचा. आणि ती कॉलर उलटी धरलीय तुम्ही. रुंद बाजू काचेकडे होती."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी इथेच तर होते. तुम्ही तांब्याकडे बघत होतात. मी बाकीचं बघत होते."

यावर मास्तर पुष्कळ काही बोलू शकले असते, पण त्यांनी मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर बाईंच्या हातात दिला. बाईंनी पदर खोचला आणि मधोमध बसल्या. त्या सांगत गेल्या, मास्तर लावत गेले, मेहुणा स्क्रू हरवत गेला. तुटलेल्या खिट्यांच्या जागी कपड्यांचे चिमटे लागले. जिथे चिमटे पुरेनात तिथे लेकीने आपल्या केसांची रबरं दिली. मेहुण्याने मान मोडलेल्या ट्यूबवर कॉलर काही केल्या ठरेना. लेक बराच वेळ लांबूनच बघत होती. मग ती आली, दोन बोटांनी ती मान चाचपली, जणू दुखतंय का विचारतेय, आणि आपल्या पेटीतलं ताणायचं बँडेज काढून तिने त्या मानेला असं सफाईने बांधलं की कॉलर तसूभर हलली नाही.

"आता हिला पुढे वाकू देऊ नका," ती म्हणाली, आणि मग स्वतःच हसत सुटली. या घरात आठवड्यात कुणी हसलं असेल तर ते तेव्हा.

एवढ्यात भंगारवाला गाडी घेऊन आला. त्याने खोलीत डोकावून बघितलं आणि त्याचा जबडा खाली आला.

"अहो, हे काय? परत आत घालताय?"

"हो."

"माल चांगला आहे हो तो!"

"मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. हे वाक्य म्हणायला मिळालं म्हणून त्यांना आतून थोडं बरंही वाटलं. पण थोडंच.

शनिवारी सकाळी टेंपोतून अकरा मॉनिटर केंद्रावर गेले. मेहुण्याला नेमकं त्याच दिवशी महत्त्वाचं काम निघालं, त्यामुळे चढवायला आणि उतरवायला मास्तर आणि टेंपोवाला. कारकुनाने एकेक मॉनिटर काट्यावर ठेवला. वजन बरोबर. हलवून बघितला. एकाच्या आतून काहीतरी खुळखुळलं.

"हे काय वाजतंय?"

"मेहुण्याचा प्रताप," असं मास्तरांच्या तोंडून निघणार होतं. "स्क्रू असेल," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

पावती मिळाली. काम संपलं. शहाण्या माणसाने घरी जावं. पण खिडकीच्या बाजूला तारेची जाळी होती, जाळीच्या पलीकडे आवार होतं, आणि आवारात एक माणूस मास्तरांचाच एक मॉनिटर उघडायला घेत होता. मास्तर जाळीला नाक लावून उभे राहिले. ही माणसं कशी उघडतात, हे बघितल्याशिवाय त्यांना जाववेना.

झाकण सुटलं. त्या माणसाने आत डोकावून बघितलं. मग त्याने दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघं डोकी एकत्र आणून आत बघू लागले.

"चिमटे लावलेत!"

"आणि हे बघ. बँडेज! अपघातात सापडला होता की काय हा?"

"कुठल्या गाढवाने बांधलाय रे असा?"

मास्तरांना परत फिरता आलं असतं. त्यांना तिथे ओळखणारं कुणी नव्हतं. पण गेला आठवडाभर एक प्रश्न त्यांना आतून पोखरत होता, आणि त्याचं उत्तर असलंच तर या तिघांकडे होतं. त्यांनी घसा खाकरला.

"ते गाढव मी."

तिघं वळले. मास्तरांनी जाळीपलीकडून सगळी हकीकत सांगितली, अगदी झाडूच्या दांड्यासकट. ते तिघं इतके हसले की एकाने खालीच बसकण मारली, आणि मग त्यांनी फाटक उघडून मास्तरांना आत घेतलं. मास्तरांनी कुठला चिमटा आधी काढायचा ते दाखवलं, दोन मॉनिटर उचलून त्यांच्यापाशी नेऊन दिले, आणि संधी साधून विचारलं, "या काचेचं पुढे काय होतं हो?"

"काच आम्ही पुढे पाठवतो."

"पुढे म्हणजे कुठे?"

"ते पुढच्याला माहीत."

"आणि पुढचा काय करतो?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्ही कधी विचारलं नाही," एक जण म्हणाला.

तिसरा मॉनिटर उचलायला मास्तर वाकले आणि तिथेच राहिले. कंबरेत काहीतरी "कट्" झालं. या वेळी प्लास्टिकची खिटी नव्हती.

टेंपोवाल्याने त्यांना काटकोनातच घरी आणलं. मागच्या खोलीत टेबल नुकतंच येऊन बसलं होतं. दवाखाना सोमवारी सुरू व्हायचा होता, पण पहिला पेशंट शनिवारीच दारात आला. बाई बोलायला तोंड उघडणार, तोच लेकीने त्यांना हाताने थांबवलं, बाबांना हळूच टेबलावर पालथं झोपवलं, आणि त्यांचं तोंड टेबलाला पाडलेल्या गोल भोकात नीट बसवलं.

"श्वास सोडा. अंग सैल टाका. किती मॉनिटर उचललेत?"

"मोजले नाहीत," भोकातून आवाज आला.

लेकीने पायाने एक बटण दाबलं. घुर्र्र असा आवाज झाला आणि टेबल मास्तरांना घेऊन अलगद वर उचललं गेलं. खोली स्वच्छ होती, भिंती नव्या रंगाने उजळल्या होत्या, लेकीचे हात कंबरेवर बरोबर दुखतं तिथे पडत होते. बाईंचाही राग निवळत चालला होता.

"अगं," मास्तर भोकातून म्हणाले, "याच्या खाली एक पेटी आहे. मोटर असणार आत. चार स्क्रू दिसतायत."

लेकीचे हात थांबले. तिने आईकडे बघितलं.

बाईंनी पदर सावरला, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या, आणि टेबलाखाली मान घालून थोडा वेळ बघत राहिल्या.

"पाच आहेत," त्या म्हणाल्या. "डावीकडचा तुम्हाला तिथून दिसायचा नाही."